कागदी वाघाचे कान गळतात, काय करू?

अंगणवाडी सेविका, चंद्रपूर जिल्हा:
आमचं गाव ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधलं, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्यातलं, त्यामुळे लेकरांना वाघच पाहिजे. जुने पेपर अन् लग्नपत्रिका फाडून चिकटवतो. पण मैद्याची खळ वाळली की कोपरे उचलतात. काल एकीच्या वाघाचा कान गळाला, किती रडली ती!

निवृत्त गुरुजी, भंडारा:
ताई, 1 वाटी मैदा, 5 वाट्या पाणी. आधी थंड पाण्यात कालवा, मग मंद आचेवर ढवळत शिजवा. बोटानं पातळ लावा, अगदी कडेपर्यंत. पत्रिकेचा कागद जाड, तो अंगाला नको, डोळ्या-नाकापुरता ठेवा. अन् कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते विष आहे. लेकरांच्या हाती अजिबात नको.

एक आई, उमरेड:
पेपर एका दिशेनं सरळ फाटतो, आडवा फाडला तर वाकडा. सरळ पट्ट्या वाघाला, वाकड्या कडा अस्वलाच्या केसांना. रोहीही (नीलगाय) करा: नर निळसर राखाडी, मादी तपकिरी.

अंगणवाडी सेविका:
गुरुजी, पातळ खळ केली. वाघ रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवला. सकाळी कान पक्का! पोरगी आता रोहीसाठी निळा कागद शोधत फिरते.