चोवीस तासांच्या ट्रेंडमध्ये ड्रम लेव्हलची घसरण दिसत नाही, पंधरा मिनिटांच्या ट्रेंडमध्ये दिसते

वारणाकाठ, सांगली जिल्हा

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात इन्स्ट्रुमेंट विभागात काम करतो. बॉयलर आणि टर्बाइनचा डेटा आमच्याकडे वंडरवेअर हिस्टोरियनमध्ये (मोजमापांच्या नोंदी वेळेसह साठवणारे सॉफ्टवेअर) साठतो आणि तो आम्ही हिस्टोरियन क्लायंटच्या ट्रेंडमध्ये पाहतो. गेल्या आठवड्यात रात्रपाळीत टर्बाइनचा लोड अचानक उतरला, पाठोपाठ ड्रम लेव्हल (बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी) लो-लोवर, म्हणजे ट्रिपच्या खालच्या मर्यादेवर गेली आणि बगॅस (उसाचे चिपाड) फीडर बंद पडले. पाळीवरच्या ऑपरेटरने गेज ग्लासमधले पाणी खाली गेलेले स्वतः पाहिले आणि लॉगबुकात तसे लिहूनही ठेवले.

सकाळच्या बैठकीत मात्र चोवीस तासांच्या ट्रेंडची प्रिंट समोर आली, तेव्हा तीत लेव्हल ४५ टक्क्यांच्या खाली उतरलेलीच नव्हती. त्यामुळे ट्रिप खोटा आहे, लेव्हल मोजणारा ट्रान्समीटर काढून तपासा, असे ठरले. मी जागेवर येऊन तोच टॅग (त्या मोजमापाचे हिस्टोरियनमधले नाव) पंधरा मिनिटांच्या खिडकीत पाहिला, तर घसरण स्पष्ट दिसते. त्याहून चमत्कारिक बाब अशी, की चोवीस तासांच्याच चार्टची सुरुवात दोन मिनिटे पुढे सरकवली की घसरण उगवते, आणि परत मागे आणली की नाहीशी होते. रिट्रीव्हल मोड (साठवलेला डेटा परत काढण्याची पद्धत) सायक्लिक आहे आणि सायकल काउंट २८९ आहे. यातले खरे कोणते मानावे?

काट्यावरचा माणूस

वारणाकाठ साहेब, आपल्या प्रश्नाचे उत्तर आपण दिलेल्या २८९ या आकड्यातच आहे. सायक्लिक मोडमध्ये हिस्टोरियन साठवलेल्या सगळ्या नोंदी पाठवत नाही. मागितलेल्या कालावधीचे समान भाग पाडून प्रत्येक सीमेवर त्या क्षणी लागू असलेली किंमत तेवढी तो देतो. चोवीस तास म्हणजे ८६,४०० सेकंद, आणि २८९ बिंदूंमध्ये २८८ अंतरे, म्हणजे दर ३०० सेकंदांनी एक बिंदू. वजनकाट्यावर बसलेल्या माणसाने पाच मिनिटांनी एकदाच खिडकीतून डोकवावे आणि मधल्या वेळात गेलेली बैलगाडी आलीच नाही म्हणावे, तसा हा प्रकार आहे. पंधरा मिनिटांच्या खिडकीत हेच अंतर जवळपास तीन सेकंदांवर येते, म्हणून तिथे घसरण सापडते. सुरुवात दोन मिनिटे सरकवली की सगळेच बिंदू दोन मिनिटे सरकतात आणि त्यांतला एक नेमका खड्ड्यात पडतो.

यात दुसरा धोकाही आहे, आणि माझ्या मते तो अधिक वाईट आहे. खड्ड्यात बिंदू पडला आणि रेषा पायऱ्यांची असली, तर मिनिटभराची घसरण चार्टवर पाच मिनिटे रुंद दिसते. तीच रेषा तिरकी जोडलेली असेल, तर दहा मिनिटांचा त्रिकोण उभा राहतो. म्हणजे तोच चार्ट एकदा घटना लपवतो आणि एकदा फुगवून सांगतो.

आपण मोड बेस्ट फिट करावा. त्यात प्रत्येक सायकलमधली पहिली, शेवटची, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत येते, शिवाय डेटा तुटला असल्यास त्याची पहिली नोंदही येते. त्यामुळे सायकल काउंट तोच ठेवला, तरी खालचे टोक सुटत नाही आणि बिंदू जास्तीत जास्त दीड हजारांच्या आतबाहेर राहतात. घटनेची नेमकी सुरुवात आणि शेवट हवा असेल, तर तेवढी दहा मिनिटे फुल मोडवर (साठलेली प्रत्येक नोंद देणारा मोड) घ्यावीत. महिन्याच्या चार्टला मात्र फुल लावू नये. सेकंदाला एक नोंद साठत असेल, तर तीस दिवसांत एकाच टॅगच्या २५,९२,००० ओळी होतात आणि क्लायंट बसून राहतो.

दुसरी पाळी, सातारा

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण बेस्ट फिट सर्व टॅगना सरसकट लावून टाकू नका, एवढे सुचवतो. तो मोड चित्रासाठी उत्तम आहे. सरासरी किंवा बेरीज काढण्यासाठी तो नाही. समजा स्टीम फ्लो पन्नास मिनिटे ताशी ४० टनांवर स्थिर होता आणि त्या काळात बदल नसल्याने एकच नोंद साठली. पुढची दहा मिनिटे तो २० ते ३० मध्ये हेलकावत राहिला आणि त्याच्या साठ नोंदी साठल्या. या एकसष्ट नोंदींची साधी सरासरी २५ च्या आसपास येईल, पण वेळेचे वजन धरले तर ती ३७.५ आहे. आमच्याकडे एका महिन्याचा स्टीमचा हिशेब या एका कारणाने जुळत नव्हता आणि आम्ही फ्लोमीटरला दोष देत बसलो होतो. सरासरीसाठी टाइम वेटेड अॅव्हरेज आणि एकूण टनेजसाठी इंटिग्रल मोड वापरावा. इंटिग्रल वापरताना त्या एककाचा भाजक पाहून घ्यावा, कारण टन प्रति तास असलेल्या टॅगचा भाजक ३६०० ऐवजी १ राहिला, तर बेरीज ३६०० पट येते. एवढी मोठी चूक निदान लगेच लक्षात तरी येते.

पंप चालू-बंद अशा टॅगना रेषा पायऱ्यांचीच ठेवावी, नाही तर पंप अर्धा चालू असल्यासारखा दिसतो.

काट्यावरचा माणूस

एक गोष्ट राहून गेली. साठवणुकीच्या बाजूला व्हॅल्यू डेडबँड, म्हणजे किंमत किती बदलल्यावर नवी नोंद साठवायची ती मर्यादा, किती आहे, ते अवश्य पाहा. डेडबँडमुळे जी नोंद साठलीच नाही, ती कोणताही रिट्रीव्हल मोड परत आणू शकत नाही.

वारणाकाठ, सांगली जिल्हा

आपणा दोघांचेही आभार. बेस्ट फिट लावल्यावर चोवीस तासांच्या चार्टवर सुईसारखी बारीक रेष थेट १७ टक्क्यांपर्यंत खाली गेलेली दिसली. आमचा लो-लो २० वर आहे. फुल मोडवर पाहिले, तर लेव्हल ०२:४१:२० ते ०२:४२:३० अशी सत्तर सेकंद त्याखाली होती. जुन्या प्रिंटचे बिंदू ०२:४० आणि ०२:४५ वर पडले होते, म्हणजे घटना बरोबर दोन डोकावण्यांच्या मध्ये घडून गेली. लॉगबुकात २:४६ लिहिले असल्याने आणखी एक शंका काढली गेली होती. कंट्रोल रूममधले भिंतीवरचे घड्याळ सर्व्हरपेक्षा चार मिनिटे पुढे निघाले.

लोड उतरल्यावर ड्रममधला दाब वाढतो, पाण्यातले वाफेचे बुडबुडे आक्रसतात आणि लेव्हल क्षणभर खाली बसते. चार्टवर दाबाची चढण आणि लेव्हलची घसरण एकापाठोपाठ दिसत असल्याने हे बॉयलर विभागालाही पटले. ट्रान्समीटर काढण्याचे काम थांबवले आहे. मात्र त्या सत्तर सेकंदांत फीड वॉटर कंट्रोल व्हॉल्व्हने कसा प्रतिसाद दिला, हे आता कळणार नाही, कारण फीड वॉटर फ्लोचा डेडबँड कोणीतरी ५ टक्के ठेवलेला सापडला. शंभर टनांच्या रेंजवर ताशी पाच टनांपर्यंतची हालचाल साठतच नव्हती. तो आज अर्ध्या टक्क्यावर आणला आहे.