5 फेब्रुवारी की 6? गोन्सालो गार्सियांचा सण नक्की कधी धरायचा

सुकेळी
नमस्कार मंडळी. मी मूळची वसईची, नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या फुकुओकात. गेल्या गुरुवारी, म्हणजे 5 फेब्रुवारीला, रजा टाकून नागासाकीला जाऊन आले. स्टेशनातून बाहेर पडलं की थोडं चालून निशिझाका म्हणून एक चढ लागतो, तिथे क्रुसावर मारलेल्या त्या 26 ख्रिस्ती हुतात्म्यांचं स्मारक आहे, आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया त्यांच्यातलेच एक. गोन्सालो गार्सियांची गोष्ट लहानपणी कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गात एवढ्यांदा ऐकली होती की पाठ होती, पण तिथे समोर उभी राहिले आणि काय झालं कळेना. ब्राँझचे 26 जण एका ओळीत, पायाखाली जमीनच नाही, पावलं नुसती खाली सुटलेली, आणि मध्येच तीन जण बाकीच्यांपेक्षा बुटके, म्हणजे ती पोरं. माहितीपत्रक हातात धरून एकेक मोजत गेले आणि आपला वसईचा माणूस सापडला तेव्हा थंडीने नाक गळतंय की रडू येतंय तेच समजेना.

फोटो लगेच आईला पाठवला. आईचा रिप्लाय: "अगं सण उद्या आहे, आज कशाला गेलीस?"

आता घोळ असा की ते गेले 5 फेब्रुवारी 1597 ला, हे सगळीकडे लिहिलेलं आहे. जपानात सणही 5 लाच. मग आपल्याकडे 6 का? भाऊ म्हणतो टाइम झोनमुळे. मला पटत नाहीये पण उत्तरही सुचत नाहीये. कोणी नीट सांगेल का?

उत्तनचे_अंकल
बाळा, भावाला सांग की जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे, मागे नाही, तेव्हा टाइम झोन लावायचाच तर आपल्याकडे 4 येईल, 6 कुठून येणार. 😄

खरं कारण साधं आहे. 5 फेब्रुवारीची खुर्ची आधीच भरलेली होती. त्या दिवशी संत आगाथा असते, सिसिलीतल्या कातानियाची, तिसऱ्या शतकातली हुतात्मा, आणि ती काही ऐरीगैरी नाही, रोमन मिस्सेत जी जुन्या संतांची नावं घेतात त्या यादीत तिचं नाव आहे. हे 26 जण मेले 1597 ला, धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित झाले 1627 ला आणि संत झाले 1862 ला, नववे पायस पोप असताना. म्हणजे आगाथाबाई हजारभर वर्षांहून जास्त तिथे बसलेल्या, त्यांना ऊठ म्हणणार कोण? मग रोमने यांना शेजारची रिकामी जागा दिली, 6. भारतात तर मागेही सरकता येत नाही, 4 ला जॉन द ब्रिटो आहेत, त्यांना 4 फेब्रुवारी 1693 ला तामिळनाडूत ओरियूरला मारलं.

जपानात मात्र हे त्यांच्या मातीतले हुतात्मे, म्हणून तिथल्या कॅलेंडरात त्यांचा दर्जा वरचा आहे, आणि वरच्या दर्जाचा सण आला की खालच्या दर्जाचं स्मरण त्या वर्षी बाजूला होतं. त्यामुळे तिथे 5 ला हे आणि आगाथा मागे. रोमचं एक सगळ्या जगाचं कॅलेंडर असतं, त्यावर प्रत्येक देशाचं वेगळं, मग धर्मप्रांताचं, मग फ्रान्सिस्कन नाहीतर जेझुइट असल्या धर्मसंघांचं. आई पण बरोबर, तू पण बरोबर.

एक गोष्ट मात्र मला कायम खटकते. जगाच्या कॅलेंडरात 6 तारखेला लिहिलेलं असतं "पॉल मिकी आणि सोबती". पॉल मिकी म्हणजे त्या 26 मधलाच एक जपानी जेझुइट, मोठा माणूस, वादच नाही, क्रुसावरून प्रवचन दिलं त्याने. पण 26 मधले जेझुइट तीनच, बाकीचे सहा फ्रान्सिस्कन आणि सतरा त्यांच्यासोबतचे संसारी लोक. आणि आपला गोन्सालो "सोबती" मध्ये गेला! निदान भारताच्या यादीत त्याचं नाव घेऊन दिवस पाळतात तेवढं बरं.

पेठेतला_चिवडा
मी ख्रिश्चन नाही, उगाच डोकावतोय. पण हे वाचून हसू आलं कारण आमच्याकडे दर काही महिन्यांनी हेच. कालनिर्णयात आज स्मार्त एकादशी, उद्या भागवत एकादशी, आणि घरात एक आजी आज उपाशी नि दुसरी उद्या.

एक विचारू का, सण मेल्याच्या दिवशी का? जन्मदिवस का नाही?

उत्तनचे_अंकल
विचारा की, त्यात काय. आमच्याकडे संत मरतो तो त्याचा स्वर्गातला जन्मदिवस धरतात, पहिल्या शतकांतल्या हुतात्म्यांपासूनची ती रीत आहे, त्यांच्या थडग्यांपाशी जमून लोक तो दिवस पाळायचे. आणि तुम्हाला हे नवीन वाटायला नको हो, तुकाराम बीज काय आहे? ज्ञानेश्वरांची समाधी, कार्तिक वद्य त्रयोदशी? दासनवमी? तुमच्याकडेही जन्म पाळतात तो रामाचा नि कृष्णाचा, आणि संतांचं जाणं. आमच्याकडे ख्रिस्ती कॅलेंडरात पृथ्वीवरचा जन्म तिघांचाच: येशू 25 डिसेंबर, मारिया 8 सप्टेंबर, आणि बाप्तिस्ता योहान 24 जून. योहानाचे तर दोन दिवस आहेत, जन्म जूनमध्ये आणि शिरच्छेद 29 ऑगस्टला. गोव्यात सांजावला पोरं विहिरीत उड्या मारतात तो हाच 24 जून.

पेठेतला_चिवडा
अरे हो की! देवाची जयंती नि संतांची पुण्यतिथी, असा कधी विचारच केला नव्हता. सांजाव म्हणजे सेंट जॉन हेही आज कळलं, मला वाटायचं पावसाचा काहीतरी सण.

वांद्र्याची_लोकल
तारखा सरकण्याचा आमच्या घरातला किस्सा सांगते. माझे पप्पा 21 डिसेंबरचे, म्हणून नाव थॉमस, कारण तेव्हा संत थॉमसचा सण 21 डिसेंबरला होता. दरवर्षी वाढदिवस आणि नावाचा सण एकत्र, एकच केक, आजीची बचत. मग 1969 ला पोप सहावे पॉल यांनी अख्खं कॅलेंडर नव्याने लावलं, नाताळाच्या आधीचा आठवडा आगमनकाळासाठी मोकळा ठेवायचा म्हणून थॉमसला उचलून 3 जुलैला टाकलं. सिरियन परंपरेत आधीपासून 3 जुलैच होता, त्यांच्या अस्थी एडेसाला नेल्या त्याची आठवण, आणि केरळातले आपले लोक तोच पाळायचे. म्हणजे रोमनेच शेवटी केरळचं ऐकलं असं म्हणायला हरकत नाही. पण पप्पांची अजून तक्रार आहे की मला विचारलं नाही.

त्याच वेळी संत ख्रिस्तोफरला पण संतपदावरून काढलं ना?

उत्तनचे_अंकल
नाही नाही, हे सगळे सांगतात आणि ते चूक आहे. काढलं ते फक्त जगाच्या कॅलेंडरातून, संतांच्या मोठ्या यादीत तो आहे, 25 जुलै. टॅक्सीवाल्यांनी डॅशबोर्डवरचा ख्रिस्तोफर खुशाल ठेवावा.

रात्रपाळी
तारखांचा विषय निघालाय तर आविलाच्या संत तेरेजाचं सांगायलाच हवं. ती स्पेनमध्ये गेली 4 ऑक्टोबर 1582 च्या रात्री. आणि दुसऱ्या दिवशी उजाडलं ते 15 ऑक्टोबर. चूक नाहीये टायपिंगची. तेरावे ग्रेगरी यांनी कॅलेंडर दुरुस्त करताना मधले दहा दिवस उडवले ते नेमके त्याच रात्री. 4 ऑक्टोबरला आधीच असिसीचे फ्रान्सिस बसलेत, तेव्हा तिचा सण 15 ला.

बाकी नागासाकीत ते 26 जण मेले त्या दिवशी जपानी पंचांगाप्रमाणे 5 फेब्रुवारी नव्हतीच, बाराव्या महिन्याची 19 होती. त्यामुळे तारखेवरून भांडायचं म्हटलं तर तिसरा पक्षही तयार आहे.

सुकेळी
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. अंकल, खुर्चीवालं उत्तर आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. आई म्हणाली "आगाथाबाईंनी एक दिवस उठायला काय हरकत होती." भाऊ गप्प आहे.

अजून एक, तिथे वाचलं की पकडल्यावर क्योतोत त्यांच्यातल्या 24 जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि तिथून नागासाकीपर्यंत ऐन थंडीत चालवत आणलं (बाकीचे दोघे वाटेत त्यांच्यात आले), आणि सगळ्यात लहान लुदोविको 12 वर्षांचा होता. माझा मुलगा 11 चा आहे. तो बरोबर होता, त्याने विचारलं की गोन्सालो काय काम करायचे. मी म्हटलं फादर असतील. नंतर वाचलं तर फादर नव्हतेच, ब्रदर होते, आणि मुख्य काम दुभाष्याचं, जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्यासमोर फ्रान्सिस्कनांचं बोलणं जपानीत हेच सांगायचे. आधी जेझुइटांबरोबर गेले, मग तिकडे व्यापार केला, मनिलाला फ्रान्सिस्कन झाले आणि 1593 ला दुभाषे म्हणून परत जपानात. वसईतून जाऊन एवढं जपानी! मी चार वर्षं झाली तरी वॉर्ड ऑफिसमध्ये गुगल ट्रान्सलेट दाखवते.

वांद्र्याची_लोकल
🤣🤣 वसई किल्ल्यात गोन्सालो गार्सिया चर्च म्हणून जे दाखवतात ते जेझुइटांचं, लहानपणी ते त्यांच्याकडेच शिकले. पुढच्या वेळी गावी आलीस की मुलाला तिथे ने, नागासाकीचा फोटो बरोबर घेऊन.

उत्तनचे_अंकल
आणि पुढच्या वर्षी 5 ला शुक्रवार आहे, 6 ला शनिवार. एकच रजा लागेल, दोन्ही धर.

सुकेळी
हो अंकल, कॅलेंडरात लिहून ठेवलं. आईला विचारते ती येतेय का ते, पासपोर्ट संपलाय तिचा.