मदत हवी आहे: ६८ वर्षांच्या आईसोबत मात्सुमोतो, किल्ला आणि कामिकोची जमेल का?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन जपानला जातोय. टोकियो-क्योतोचं नक्की झालंय, पण आईचा खरा हट्ट नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहराचा. ऐन उमेदीत तिने सह्याद्रीतले पुष्कळ किल्ले पालथे घातलेत. आता वय ६८, गुडघे दुखतात, पण ओढ तेवढीच आहे.

मात्सुमोतोचा किल्ला भुईकोट आहे. भोवती पाण्याने भरलेला खंदक, काळ्याभोर फळ्यांच्या भिंती, मागे जपानच्याच ‘उत्तर आल्प्स’ डोंगरांची रांग. मुख्य मनोरा १५९० च्या दशकात इशिकावा काझुमासा आणि त्याचा मुलगा यासुनागा यांनी उभारला. जपानात असे मूळ मनोरे फक्त १२ उरलेत. १८७२ मध्ये याचाही लिलाव झाला होता, मनोरा पाडलाच जाणार होता. इचिकावा रियोझो नावाच्या तिथल्याच माणसाने किल्ल्यात प्रदर्शनं भरवून पैसे उभे केले आणि तो वाचवला. हे वाचल्यापासून आई म्हणतेय, बाहेरून फोटो काढून परत यायचं नाही, आत जायचं.

माझी काळजी जिन्यांची आहे. ते फार उभे आहेत असं सगळीकडे वाचतोय. अर्ध्यातून परत फिरता येतं का? दुसरं, एक दिवस कामिकोची या जवळच्या डोंगरदरीसाठी ठेवलाय. तिला डोंगर जवळून दाखवायचेत, पण चढ नको. आणि आम्ही दोघंही पूर्ण शाकाहारी, मासळीचा अंशही चालत नाही. तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:

आम्ही नागोयाला राहतो, शिनानो गाडीने दोन तासांत मात्सुमोतो, त्यामुळे पाहुणे आले की जाणं होतंच. तुम्ही टोकियोहून आलात तर शिंजुकूहून आझुसा गाडी घ्या, अडीच-पावणेतीन तास लागतात. तिच्यात सगळ्या जागा आरक्षित असतात, तिकीट आधीच काढा.

किल्ल्यात शिरताना बूट काढून पिशवीत घालून हातात धरावे लागतात. म्हणजे चढताना एक हात अडकलेला, पायात मोजे आणि लाकडी पायऱ्या गुळगुळीत झालेल्या. काकूंचे बूट तुम्ही घ्या, पाठपिशवी असेल तर उत्तम. मनोरा बाहेरून पाच मजली दिसतो, आत सहा मजले आहेत. सगळ्यात वाईट जिना चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधला, ६१ अंशांचा. माझं स्पष्ट मत, काकूंना तिथवर नेऊ नका. खालच्या मजल्यांवरही बंदुकांचा संग्रह आणि दगड टाकायच्या झरोक्यांसारखं बघण्यासारखं पुष्कळ आहे, आणि किल्ले बघितलेल्या माणसाला त्यातच जास्त रस वाटेल. उतरणं चढण्यापेक्षा अवघड जातं, म्हणून किती वर जायचं ते आधीच ठरवा आणि मधूनच परतायचं असेल तर प्रवेशदारातल्या कर्मचाऱ्यांना सांगून ठेवा. सकाळी साडेआठला उघडतो, तेव्हाच पोचा. गर्दीत मागची माणसं खोळंबली की घाई होते आणि पाय घसरतो.

कामिकोचीला चढ टाळता येतो. स्टेशनवरून शिन-शिमाशिमापर्यंत छोटी रेल्वे, पुढे बस. खासगी गाड्यांना आत बंदीच आहे. शेवटच्या थांब्याआधी ताइशो तलावाला उतरा. १९१५ मध्ये याकेदाके ज्वालामुखीच्या उद्रेकाने नदी अडून हा तलाव झाला. तिथून काप्पा पुलापर्यंत आझुसा नदीकाठची वाट जवळजवळ सपाट आहे, रमतगमत दीड तास धरा. पुलावरून होताकाची शिखरं समोर दिसतात. उंची १५०० मीटर, तेव्हा स्वेटर-कानटोपी हवीच. नोव्हेंबरच्या मध्यावर रस्ता थेट एप्रिलपर्यंत बंद होतो, म्हणून तुमची तारीख पुढे ढकलू नका. परतीची बस आधी पक्की करा.

जेवणाचं मात्र अवघड आहे. सोबा (बकव्हीटच्या शेवया) प्रसिद्ध, पण सोबतच्या सारात बोनितो मासा असतो. भोपळा किंवा लाल चवळीसारख्या गोड आझुकीचं सारण भरलेली ओयाकी (कणकेची भाजलेली पुरी) मिळते, तीही विचारूनच घ्या. "मासळीचा रस्साही चालत नाही" असं जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा. सकाळ-संध्याकाळसाठी तयार उपमा-पोहे न्याच.

धागाकर्ता:

मनापासून आभार! चौथ्या मजल्याच्या पुढे जायचं नाही, हे आईने आत्ताच कबूल केलंय. एक राहिलं: ताइशो तलाव ते काप्पा पूल या वाटेवर मध्ये बसायला बाकं आणि स्वच्छतागृह आहे का? तिला मधूनमधून टेकावं लागतं.