ऊन, काटा आणि काळी माती: सोलापुरात बाहेर पडताना तुम्ही सोबत काय घेता?

आमच्या गल्लीतल्या एका मुलानं मला सामानाची यादी दाखवली. पाँचो, बॅगेचं रेनकव्हर, जळवांसाठी मीठ. यादी सह्याद्रीसाठी चांगलीच आहे, पण तो निघाला होता एप्रिलमध्ये, सायकलवर, हिप्परगा तलावाकडं. आपल्या भागाला धरून यादी कुणी करतच नाही. म्हणून हा धागा. काय विकत घेतलं, काय वाया गेलं, काय घरातलंच कामाला आलं, सगळं लिहा. सुरुवात मी करतो.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी अक्कलकोट रस्त्यावरून परत येताना साडेनऊ वाजले. भर उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजायला लागली, डोकं ठणकत होतं. सकाळपासून ३ लिटर पाणी पोटात गेलेलं, पण नुसतं पाणी. घामातून गेलेलं मीठ भरून निघालंच नव्हतं. एका लिंबाखाली बसलो, शेतातल्या एका मावशींनी डोक्यावर घागर ओतली, तेव्हा जरा बरं वाटलं. तेव्हापासून ओआरएसचं पाकीट बॅगेत कायम असतं. मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठीच असतं, अर्ध्या बाटलीत घोळवू नका. घरी करायचं तर १ लिटर पाण्याला ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. आणि मार्च ते जून सकाळी आठच्या आत घरी.

विजापूर रोड, सायकल

दादा, उन्हाचं खरं आहे, पण आमचा जीव काढला बाभळीनं. कच्च्या रस्त्यावर कुंपणाच्या फांद्या तोडून टाकलेल्या असतात. एकदा पंक्चर झालं, नवी ट्यूब घातली, अर्धा किलोमीटर गेलो की पुन्हा हवा गेली. काट्याचं टोक टायरमध्येच मोडून बसलेलं होतं. बाहेरून दिसत नाही, बोटाला लागत नाही. आता ट्यूब बदलायच्या आधी जुना मोजा हातात घालून टायरच्या आतून सगळीकडं फिरवतो. टोक असेल तिथं मोज्याचा धागा अडकतो. मग चिमट्यानं ओढून काढायचं. हा छोटा चिमटा पंक्चर किटमध्ये नसतो, आपणच टाकायचा. आणि पॅच लावताना घाई नको. सोल्यूशनची चकाकी जाऊन ते कोरडं दिसायला लागलं की मगच चिकटवायचं.

बाळे, कोजागिरीला दरवर्षी चालत तुळजापूर

साधारण ४५ किलोमीटर. पहिल्या वर्षी या वाटेसाठी म्हणून नवे बूट घेतले आणि आदल्या दिवशी पहिल्यांदा घातले. तामलवाडीच्या पुढं दोन्ही टाचांना फोड. शेजारून साठीच्या पुढच्या बायका अनवाणी चालल्या होत्या, त्यांच्यातल्या एकींनी माझी पिशवी घेतली. ती रात्र मी विसरणार नाही. आता बूट महिनाभर आधी घेते, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. अंगठ्यापुढं बोटभर जागा ठेवते. सुती मोजे घामानं ओले होऊन घासतात, म्हणून पॉलिस्टरचे. टाचांना व्हॅसलीन निघतानाच. फोड आल्यावर लावून उपयोग नाही.

नान्नजला पक्षी बघायला जाणारा

दुर्बीण ८ गुणिले ४२ घ्या, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. १० पटीची आणली होती, माळावर वारा असतो, हात थरथरतो, चित्र ठरतच नाही. माळढोक दिसणं आता फार दुर्मीळ, पण काळविटांचा कळप आणि नशिबात असेल तर लांडगा दिसतो. पांढरा, भडक टी शर्ट नको. मातकट रंग घाला. माळावर आडोसा नाही, लांबूनच ओळखतात.

जुनी पेठ

खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पाणी नसलेली गोष्ट उन्हात टिकते. एनर्जी बारवरचं चॉकलेट मे महिन्यात वितळून कागदाला चिकटलेलं असतं, चाटून खावं लागतं. भाकरी मोडून डब्यात भरा, वर चटणी. फक्त सोबत पाणी जास्त घ्या, कोरडं खाणं घशाला लागतं.

सात रस्ता, महिन्यातून एकदा किल्ला

मला बुटांबद्दल सांगायचंय. राजगडला गुंजवण्याच्या वाटेनं उतरताना उजव्या बुटाचा तळ आख्खा सुटला. बूट चार वर्षांपूर्वीचे, पण जेमतेम तीनदा घातलेले, बाकी वेळ खोक्यात. मला वाटलं होतं, वापरले नाहीत म्हणजे नवेच. तसं नसतं. आतला पॉलियुरेथेनचा, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकचा थर हवेतल्या ओलाव्यानं आपोआप ठिसूळ होत जातो, बूट घाला नाहीतर ठेवा. नाडी तळाखालून घेऊन बांधली, दर शंभर पावलांना पुन्हा आवळत खाली आलो. आता निघायच्या आठवडाभर आधी बूट घालून जिना चढतो, उतरतो, तळ हातानं वाकवून बघतो. चिकटपट्टीचं एक बंडल बाटलीभोवती गुंडाळून ठेवतो, वेगळी जागा लागत नाही.

होटगी रोड

ओला पंचा मानेवर टाका. आपली हवा कोरडी, पाणी भराभर उडतं आणि त्याबरोबर अंगातली उष्णता जाते. हाच पंचा मी कोकणात नेला तर तासभर तसाच ओला, चिकट. टर्किश टॉवेल नको, जड होतो.

विचारायचं होतं

सायकलवाले काका, पावसाळ्यात सायकल न्यायचीच नाही का? मागच्या आठवड्यात शेताच्या रस्त्यावर चाक फिरेना, खांद्यावर घेऊन आले.

विजापूर रोड, सायकल

ताई, डांबरीवर खुशाल न्या. काळ्या मातीत पाऊस झाल्यावर दोन दिवस तरी उतरू नका. मातीचा थर टायरवर चढत जातो आणि फोर्कमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमध्ये, चाक आवळून बसतं. अडकलातच तर मडगार्ड काढा आणि लाकडाच्या चपट्या काडीनं खरवडा. माती ओली असतानाच, वाळली की दगड होते. जोर लावून पेडल मारू नका, माझा डिरेल्युअर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) तसाच वाकला.