मदत हवी आहे: ऑफिसातल्या जुन्या पीसींचा क्लस्टर

नमस्कार मंडळी. चाकणला आमचं छोटं डिझाइन ऑफिस आहे. ब्लोअरमधल्या हवेचं ओपनफोम (प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर) सिम्युलेशन रात्री लावून जातो, सकाळी येऊन बघावं तर निम्मंच झालेलं. 6 जुने पीसी रिकामे पडलेत, प्रत्येकी 4 कोअर, 16 जीबी रॅम; ते जोडून क्लस्टर, म्हणजे एकाच कामावर मिळून चालणारा संच, करायचाय. नासात 1994 साली स्टर्लिंग आणि बेकर यांनी साध्या पीसींतूनच बेओवुल्फ क्लस्टर उभा केला, म्हणून फार आशा वाटतेय.

उबुंटू, एनएफएस (सगळ्या मशीनना त्याच फाइल्स दिसाव्यात म्हणून), ओपनएमपीआय (एक काम अनेक कोअरवर वाटून चालवायला) घालून दोन मशीन जोडून पाहिल्या. पासवर्डशिवाय एसएसएच (एका मशीनवरून दुसऱ्यावर लॉगिन) चालतं, पण वेग जेमतेमच वाढला. मेश (हवेच्या जागेचं बारीक जाळं) 3 लाख सेलची, म्हणजे घरांची, आहे. 8 कोअरवर एवढे छोटे तुकडे पाडले की गिगाबिट नेटवर्कवरच वेळ जातो का? आणि स्लर्म (कामं रांगेत लावून मशीनना वाटणारं सॉफ्टवेअर) आत्ताच बसवावं, की सहाही मशीन जोडल्यावर? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.