पासवर्ड बरोबर आहे, तरी कॉम्प्युटर उघडत नाही

बी-३०४: कुणी कॉम्प्युटरवालं जागं आहे का? आमचा डेस्कटॉप पासवर्ड घेत नाहीये. विंडोज ११. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे.

ए-७०२: काकू, किती वेळा टाकून झाला?

बी-३०४: सात-आठ वेळा.

ए-७०२: मग जरा थांबा. नव्या विंडोज ११ वर १० वेळा चुकला की खातं १० मिनिटं लॉक होतं, मग बरोबर पासवर्डही घेत नाही. पुढच्या वेळी पासवर्ड टाइप करा, पण एंटर दाबू नका. रकान्याच्या उजव्या टोकाला डोळ्याचं चिन्ह येईल, ते दाबून धरा आणि काय उमटलंय ते वाचा.

बी-३०४: अगं बाई, मराठी अक्षरं आहेत!

ए-७०२: हेच वाटलं होतं. कुणीतरी मराठी कीबोर्ड जोडलाय आणि लॉगिनलाही तोच चालू राहिलाय. ‘एच’ दाबलं की ‘प’, ‘एल’ दाबलं की ‘त’. वर नुसते ठिपके दिसतात, कळणार कसं! खाली उजव्या कोपऱ्यात भाषा आहे, तिथे इंग्रजी निवडा. किंवा विंडोजचं बटण धरून स्पेसबार.

बी-३०४: उघडला 🙏 पण डेस्कटॉप कोरा! फोटो, हिशेब, काहीच नाही. ‘वी कान्ट साइन इन टू युअर अकाउंट’ असं येतंय.

सी-१०१: काकू, आता तिथे काहीही सेव्ह करू नका. ही तात्पुरती प्रोफाइल आहे, म्हणजे तुमच्या डेस्कटॉप-सेटिंगच्या जागी दिलेली कोरी जागा, साइन आउट केलंत की त्यातलं सगळं पुसलं जातं. काल लाइट गेली तेव्हा कॉम्प्युटर चालू होता का?

बी-३०४: हो.

सी-१०१: मग बहुतेक एनटीयूझर.डॅट ही फाइल अर्धवट लिहिली गेलीय. तुमच्या सेटिंग त्यात असतात, ती वाचता आली नाही की विंडोज कोरी प्रोफाइल देतं. फोटो वेगळे असतात. सी ड्राइव्ह, यूझर्स, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर. परवानगी मागेल, कंटिन्यू दाबा. आधी ते सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. मग रीस्टार्ट. शटडाउन नको, फास्ट स्टार्टअपमुळे त्यात विंडोज पुरतं बंद होत नाही.

डी-४०३: रीस्टार्टनेही नाही झालं तर?

सी-१०१: तर रेजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची आतली नोंदवही. लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, प्रोफाइललिस्ट. एस-१-५-२१ ने सुरू होणाऱ्या एकाच आकड्याच्या दोन नोंदी दिसतात, एकीला .बीएके शेपूट. शेपूटवाली खरी. दुसरीचं नाव बदलायचं, मग खरीचं शेपूट काढायचं, आणि त्यात स्टेट, रेफकाउंट असतील तर दोन्ही शून्य. आधी प्रोफाइललिस्ट एक्स्पोर्ट करून ठेवा. काकू, हे तुम्ही एकट्याने करू नका, मी येतो.

डी-४०३: यूट्यूबवर पेनड्राइव्हने पासवर्ड उडवायचं टूल आहे, ते सोपं नाही का?

ए-७०२: अजिबात नको. इथे पासवर्डचा प्रश्नच उरलेला नाही. शिवाय डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, असली तर टूलला काही दिसत नाही आणि विंडोज ते कुलूप उघडायची ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केला असेल तर ती की बहुधा त्या खात्यात असते, मोबाइलवरून बघता येते. आजच बघून कागदावर उतरवा.

बी-३०४: कॉपी सुरू केली. ४१ जीबी, दीड तास दाखवतंय.

सी-१०१: चालू द्या. सेटिंग्जमध्ये पॉवरखाली स्लीप ‘नेव्हर’ करा, नाहीतर मध्येच झोपेल.