मदत हवी आहे: ३२ पानी साहस-मॉड्यूलची छपाई, बडोदा

मंडळी, विचित्र फँटसी जगातलं मराठी मॉड्यूल (टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाची, म्हणजे आरपीजीची, तयार साहसकथा-पुस्तिका) छापायचंय. ए५, ३२ पानं, म्हणजे ए४चे ८ कागद, मधे दोन पिना. आत १०० जीएसएम (कागदाचं वजन, ग्रॅम प्रति चौ. मीटर). त्याहून जाड घेतला की मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये कडेचे खोलीक्रमांक उडतात. कव्हर २५० जीएसएम, सुटं, आतून नकाशा. खेळ चालवणाऱ्याला आपली टिपणं खेळाडूंपासून लपवायला आडोसाही होतो. पण ग्रेन (कागदाच्या तंतूंची दिशा) घडीला आडवा आला तर डिजिटल छपाईचा टोनर तडकतो. रावपुरा-दांडिया बाजाराकडे ५० प्रतींनाही आधी क्रीज (घडीसाठी दाबून काढलेली रेघ) मारून देणारं कोणी आहे का?

दुसरं, डी६६ तक्त्यातल्या (दोन फासे टाकून, एक दशक आणि एक एकक धरून वाचायचा तक्ता) ३६ नोंदींत जोडाक्षरं फुटतात. पीडीएफमध्ये ठीक, प्रेसवाल्याने कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की गोंधळ! फक्त छपाईच्या फाइलपुरता मजकूर आउटलाइन केला (अक्षरांचे फॉन्टऐवजी आकार केले) तर बारीक ८ पॉइंट अक्षर जाड दिसेल का?